दुसरा मजला नेमका कुठला

ये, इकडे ये. अशी जवळ बस. आता तू समुद्रापल्याड आणि मी इथे बाभुळगावच्या अलीकडच्या गावात, तर जवळ कशी बसशील म्हणा. पण मी कागद घेऊन लिहायले बसली की तुले माझ्या मांडीपाशी बसवूनच लिहिते. म्हणून म्हणते, बस. आधी जरा रागावणार आहे. गोड मग बोलू.

परवा फोनवर तू सांगितलं की आजी, मी फर्स्ट फ्लोअरवर खोली घेतली, आता जिना चढायचं कामच नाही. मी विचारलं, "जिना न चढता पहिल्या मजल्यावर जाते कशी? उडून?" तर तू अशी हसली की माझ्या कानाले गुदगुल्या झाल्या. म्हणे, "आजी, इथं जमिनीवरच्यालेच पहिला म्हनतात. जाऊ दे, तुले नाही समजनार."

नाही समजणार? मले? अगं, जमिनीवरचा मजला पहिला की त्याच्यावरचा पहिला, ह्या एका गोष्टीवर तुझ्या आईचं अख्खं आयुष्य जाता जाता राहिलं. तेव्हा तुझा जन्म तर सोड, तुझ्या आईच्या लग्नाचाही पत्ता नव्हता. तिनं तुले सांगितलं नसेल. ती नाही सांगणार, तिले अजून लाज वाटते. म्हणून मीच सांगते.

माझी शाळा तिसरीपर्यंत. पुढचं सारं मी स्वतःच शिकली. दुकानातून गूळ बांधून आणला की तो कागद मी फेकत नसे. गुळाचा डाग टाळून टाळून वाचायची. मग विहारात वाचनालय निघालं, तिथली तीन कपाटं मी निंदण आटपून आल्यावर एकेक करून संपवली. इंग्रजी मात्र आलं नाही. अक्षरं ओळखते, एस, टी, बी, ए. शब्द तुझी आईच वाचायची आणि मी ऐकायची.

ते कापसाचे वाईट दिवस होते. पेरलेलं उगवत नसे, उगवलेलं अळी खाई, आणि अळीनं सोडलेलं बाजारात कोणी धड विचारत नसे. गावात येणाराजाणारा एकच विषय बोलायचा. बाहेरून माणसं गाड्या घेऊन यायची, आमच्या ओसरीत बसून वहीत लिहून न्यायची. मी एकाले म्हटलंही, "लिहून राह्यले ते ठीक, पन माह्या पोरीच्या फारमावर सही करनारा कोनी हाये का तुमच्यात?" तो बिचारा चहा पिऊन गेला.

कारण मले त्या दिवसांत दुसरं काही सुचतच नव्हतं. तुझी आई बारावी पास झाली होती, चांगल्या मार्कांनी. तिले नर्स व्हायचं होतं. निंदणाले माझ्यासोबत यायची तेव्हा दुपारच्या भाकरीपाशी शरीरातली हाडं पाठ म्हणायची. मांडीचं, नडगीचं, बरगड्यांचं. शेजारच्या ओळीतल्या बाया म्हणत, "घ्या, मास्तरीन बाई मढं मोजून राह्यल्या!" ती हसायची आणि पुढचं हाड सांगायची.

इकडे तिच्या मामानं स्थळ आणलं होतं. माणसं वाईट नव्हती. तुझा आबा गोंधळलेला. दोनदा पेरणी केलेलं वावर त्याच्यापुढे उभं, आणि पोरगी अठराची. शेवटी तो म्हणाला, "एक डाव जाऊन पाहा दोघी मायलेकी. झालं तर झालं. नाही झालं तर पोळ्यानंतर पाहुन्यांले हो म्हनून टाकू." पाहुणेही पोळ्यापर्यंतच थांबणार होते. म्हणजे हातात एकच फेरी. मी मनात गाठ मारली की ही फेरी वाया जाऊ देणार नाही.

आणि पहिलाच घोटाळा मीच केला.

फॉर्मसोबत एक दाखला लागत होता, तो यवतमाळच्या कचेरीतून आणायचा. पोरगी निंदणाले गेली आणि मी एकटी गेली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, पहिला मजला. मी इमारतीत शिरली, समोर लांब रांग दिसली, लागली रांगेत. पुढच्या बाईशी बोलली, मागच्या बाईशी बोलली, दोघींची सुखदुःखं झाली. खिडकीपाशी पोचली तेव्हा आतला म्हणतो, "बाई, इथं जमिनीच्या नकलेचं काम होते. तुमचं पहिल्या मजल्यावर." मी म्हटलं, "मंग हा कितवा?" तो म्हणे, "हा तळमजला." वर गेली तोवर वरची खिडकी बंद.

संध्याकाळी घरी रिकाम्या हातानं. तुझ्या आईनं डोक्यावर हात मारून घेतला. "आई, खालचा तो ग्राउंड फ्लोअर. त्याच्यावरचा फर्स्ट. त्याच्यावरचा सेकंड. आमच्या पुस्तकातच हाये." मी म्हटलं, "खालचा मोजतच नाही का? तो काय फुकट बांधला?"

आता माझी चूक कशी झाली ते ऐक, कारण ती अडाणीपणाची नव्हती, सवयीची होती. आमच्या घरी ज्वारी मोजायले पायली घेतली की पहिल्या पायलीले कधी 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात. माझी सासू तर तिथे फार कडक. पहिली पायली पोत्यात पडली की 'लाभ', मग 'दोन', मग 'तीन'. पहिलीले नाव वेगळं दिलं, मान दिला, म्हणून ती मोजणीतून गेली असं होत नाही. तिच्यानंतर दोनच येते. माझा हात असा मोजतच म्हातारा होत होता. तर मी इमारतीकडे पाहिलं की जमिनीवरचा मजला मले लाभ दिसायचा, आणि त्याच्यावरचा दोन. त्यामुळे पहिला मजला म्हणजे जमिनीवरचाच, असं डोक्यानं परस्पर ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, वर चढली, दाखला आणला. पण तेव्हापासून घरात माझी पत गेली. मजला म्हटला की तुझी आई माझ्याकडे पाहून ओठ दाबायची.

मग मुलाखतीचं पत्र आलं, नागपूरचं. एका नव्या मोठ्या दवाखान्यानं नर्सिंगची शाळा काढली होती. तुझ्या आईनं मले तीनदा वाचून दाखवलं. सेकंड फ्लोअर, खोली चार, सकाळी अकरा वाजता. अकरानंतर येणाऱ्याले आत घेणार नाही, असं खाली वेगळ्या ओळीत. ती ओळ मी तिच्याकडून चौथ्यांदा वाचून घेतली.

पहिली एसटी धरून गेलो. डब्यात भाकर, पिशवीत सारे कागद प्लास्टिकच्या थैलीत. ऑटोवाल्यानं दवाखान्यासमोर सोडलं तेव्हा साडेदहा होत होते. इमारत एवढी नवी, की रंगाचा वास रस्त्यापर्यंत. लिफ्ट फक्त रोग्यांसाठी. दारावरच्या वॉचमनले तुझ्या आईनं विचारलं, "दुसरा मजला?" तो म्हणाला, "दोन जिने चढा."

पहिला जिना चढून आम्ही वर आलो आणि माझे पाय आपोआप थांबले. तोंडातून निघालंच, "लाभ, दोन. हाच तर झाला."

"आई!" ती दातओठ खात म्हणाली. "चल वर. यवतमाळची गोष्ट विसरली का?"

भिंतीवर आकडा असता तर भांडणच मिटलं असतं. पण जिन्याच्या भिंती नुकत्याच रंगवल्या होत्या, कोऱ्या करकरीत. मी तिच्यामागे चढली. दुसरा जिना संपला. वर खोली चार होती, दारासमोर बाक होतं, आणि बाकावर पाच पोरी आमच्याआधी येऊन बसल्या होत्या. एकीसोबत तिचे वडील. "मुलाखतीले का?" "हो." "सेकंड फ्लोअर ना?" "हो हो, हाच." सगळ्यांचं एकमत. तुझी आई माझ्याकडे पाहून अशी हसली, की घे, आता बोल.

मी बसली. पण माझं लक्ष दाराकडे. दाराले कुलूप होतं, आणि कुलपावर रंगाचे थेंब वाळलेले. आता तूच सांग, अकराले ज्या खोलीत मुलाखती सुरू होणार, तिचं कुलूप पावणेअकराले उघडलेलं नको? आत कोणी टेबल ओढत नाही, पंखा लावत नाही, चहावाला येत नाही. लग्नघरी पंगतीच्या वेळेले चुलीतून धूर निघत नसेल तर आपण काय समजतो? घर चुकलं, असंच ना?

मी हळूच म्हटलं, "पोरी, मले हे काही बरोबर दिसत नाही. खाली पाहून येऊ का?"

"आई, बस ना गप. साऱ्या शिकलेल्या पोरी बसल्या हायेत. साऱ्याच चुकल्या का?"

ह्या वाक्यानं मी गप झाली. खरं सांगते, त्या दिवशी माझी चूक कोणती विचारशील तर हीच. पाच मिनिटं मी त्या बाकावर माझी तिसरी यत्ता पोटाशी धरून बसली. समोरच्या पोरीच्या वडिलांच्या मनगटावर घड्याळ होतं; ते हात हलवायचे आणि मी काटा पाहायची. दहा मिनिटं राहिली. पाच राहिली. तेव्हा माझ्या मनात आलं, की चुकली तर काय होईल? पोरगी हसेल. आणि बरोबर असली आणि बसून राहिली तर? पोळा, पाहुणे, आणि ती सारी पाठ केलेली हाडं चुलीत.

उठली. म्हटलं, "पानी पिऊन येते." आणि खाली उतरली.

एक जिना उतरताच खोली चार! दार उघडं, बाहेर टेबल, टेबलावर यादी, आत खुर्च्यांवर आठदहा पोरी, त्यांचे केस कसे चापूनचोपून. दारात एक माणूस उभा, एक हात दाराच्या कडीवर, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. मी विचारलं, "भाऊ, नर्सच्या मुलाखती?"

"हो काकू. पन तुमचं काय काम?"

"माही पोरगी वर बसली हाये. अजून पाच पोरी बसल्या हायेत."

"वर काहून? पत्रात सेकंड फ्लोअर लिहिलं हाये. हाच सेकंड."

"हे मले माहीत हाये, भाऊ. त्याईले माहीत नाही."

"मंग बोलवा लवकर. दोन मिनिटं राह्यली. अकराले मी दार लावतो."

आता माझे गुडघे तुले माहीत आहेत. तेव्हाही काही नवे नव्हते. जिना चढून जा, सांगा, उतरा, तोवर हा माणूस कडी लावून मोकळा. मी काय केलं? एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवला, एक बाहेर, आणि जिन्याच्या पोकळीत तोंड वर करून हाळी दिली. वावरात ह्या बांधावरून त्या धुऱ्यावर देतो ना, दुपारच्या वाऱ्यातही पोचते ती. "ए पोऽऽरी! खाली ये गंऽऽ! दुसरा मजला खाली हायेऽऽ! साऱ्या जनी याऽऽ!"

अगं, साऱ्या दवाखान्याच्या दारांतून डोकी बाहेर आली. एका रोग्याचा नातेवाईक चहाची किटली घेऊन जागच्या जागी उभा राहिला. दारातला माणूस म्हणाला, "काकू! हा दवाखाना हाये, वावर नाही!"

मी म्हटलं, "वावर असतं तर एवढं ओरडा लागलं नसतं. तिथं कोनी दार लावत नाही."

वरून चपलांचा धबधबा आला. एक, दोन, तीन, चार पोरी धापा टाकत माझ्या पायाले वळसा घालून आत. वडील मागून, "चला चला" करत. पण तुझी आई नाही. बाकावरची एक बारकीशी पोरगीही नाही. मी पुन्हा हाळी दिली. वरून तुझ्या आईचा आवाज, "येतो!" पण पाय दिसेनात. त्या बारक्या पोरीची फाईल जिन्यात सुटली होती आणि तिचे सारे दाखले पायऱ्यांवर उडाले होते. तुझी आई ते गोळा करत बसली होती. स्वतःच्या डोक्यावर अकराचा ठोका, आणि ही दुसरीचे कागद वेचत होती, कापसासारखे, एकही न सोडता.

दोघी खाली आल्या तेव्हा घड्याळाचा काटा पुढे सरकला होता. त्या माणसानं दार ओढलं. दार माझ्या पायाले लागलं.

"काकू, पाय काढा."

"ह्या दोघी आत गेल्या की काढते."

"अकरा वाजून गेले. नियम म्हनजे नियम. त्यांचं नशीब."

"नशिबाचं काय काम इथं? एका जिन्याचं काम हाये. पावनेअकराच्या आधीपासून त्या तुमच्या छपराखाली बसून हायेत. बाहेरून नाही आल्या, वरून आल्या."

"आई, चल ना," तुझी आई रडवेल्या आवाजात म्हणाली. तिले वाटत होतं, जमीन फाटावी आणि मले घेऊन बंद व्हावी. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर पाय निघाला असता.

गडबड ऐकून आतून एक मॅडम आल्या. पांढरी साडी, चष्मा, आवाज हळू. "काय चाललंय?" त्या माणसानं त्याच्या बाजूनं सांगितलं. मग त्या माझ्याकडे वळल्या, "सहा मुली वर बसल्या होत्या, आणि तुम्ही एकट्या खाली आलात. तुम्हाला कसं कळलं?"

आता मॅडमले काय सांगू, कुलपावरचा रंग की सासूची पायली? मी दोन्ही सांगितलं. लाभ, दोन, तीन, सारं. त्या ऐकत राहिल्या. मग त्या माणसाले म्हणाल्या, "पत्रात लिहिलं होतं का, की जमिनीवरचा मजला पहिला धरायचा?"

"नाही मॅडम. पन आपल्या सरांनी तसेच नंबर दिले ना. ते अमेरिकेत शिकले. तिथं तसंच हाये म्हने."

मॅडमनी मले समजावून सांगितलं, तेव्हा कळलं. इंग्लंडची माणसं जमिनीवरच्या मजल्याले नुसतं जमिनीचा म्हणतात, आणि त्याच्यावरून पहिला, दुसरा मोजतात. आपल्याकडे तेच आले होते, म्हणून आपल्या कचेऱ्या, शाळेची पुस्तकं, वॉचमन, सारे तसंच मोजतात. अमेरिकेची माणसं जमिनीवरच्यालेच पहिला म्हणतात.

मी विचारलं, "दोघंही इंग्रजीच बोलतात ना?"

"हो."

"मंग एकमेकांच्या घरी जेवायले पोचतात कसे?"

मॅडम हसल्या. खरंच हसल्या, चष्मा काढून. मग त्या दोघींले म्हणाल्या, "आत या. आणि तुम्ही, काकू, आता पाय काढलात तरी चालेल." त्या माणसाले म्हणाल्या, "एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून जिन्यात चिकटवा. आत्ता. उद्याही मुली येणार आहेत." तो भला माणूस होता, वाईट मानू नको. त्यानं कागद लिहिला, डिंक शोधला, आणि चिकटवायच्या आधी मलेच दाखवला, "पाहा काकू, बरोबर हाये ना?"

मी तीन तास बाहेर बसली. पाणी खरंच प्यायली तेव्हा. तुझी आई बाहेर आली तर चेहऱ्यावरून काही कळेना. परतीच्या एसटीत कळंब येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "आई, तू माही लाज काढली."

मी म्हटलं, "लाज गेली तर जाऊ दे. यादीतून नाव जायले नको."

"तू ओरडली काहून एवढी?"

"तू ऐकलं काहून नाही एवढं?"

मग तिनं डबा उघडला आणि आम्ही भाकर खाल्ली. मुलाखतीत तिले हाडं विचारली का, असं मी विचारलं. म्हणे, "नाही. विचारलं की जिन्यात काय झालं होतं. मी सांगितलं की कागद पडले होते." एवढंच. मले वाटलं, गेलं सारं. मॅडमनी हाडं विचारली नाहीत म्हणजे काय उरलं?

पंधरा दिवस पोस्टमन दिसला की मी हातातलं काम टाकून दारात जायची. पोळा चार दिवसांवर आला होता, बैलांच्या शिंगांचा रंगही आणून ठेवला होता, आणि पत्र आलं. तुझ्या आईनं ते उभ्या उभ्या वाचलं आणि सरळ माझ्या हातात दिलं, जसं काही मले इंग्रजी येते. पण तिचं नाव मले ओळखता येत होतं. ते यादीत होतं. त्याच्याखाली दोन ओळी सोडून त्या बारक्या पोरीचंही होतं. पुढे तीन वर्षं दोघी एकाच खोलीत राहिल्या.

मामा संध्याकाळी आला. "पाहुन्यांले आता काय सांगू, आक्का?"

मी म्हटलं, "सांग, पोरगी दुसऱ्या मजल्यावर गेली. उतरायले तीन वर्षं लागतील. थांबत असतील तर थांबा म्हना."

ते नाही थांबले. बरंच झालं, थांबले असते तर तुझा बाप दुसराच असता.

त्या सालीही कापूस काही नीट आला नाही, आणि त्याच्या पुढच्या सालीही नाही. आम्ही पेरत राहिलो, निंदत राहिलो. पण माझ्या डोक्यावरचा एक भार उतरला होता. आणि तेव्हापासून मी ठरवलं, की समोर कितीही शिकलेली माणसं बसली असोत, आपल्याले कुलूप दिसलं तर कुलूप म्हणायचं. लोक हसले तर हसू द्यायचं.

आता एक गोष्ट राहिली. तुझी आई म्हणते की आई तिखटमीठ लावते. म्हणे तिलेही शंका आली होती आणि ती खाली उतरणारच होती, मी ओरडली म्हणून लाजेनं दोन मिनिटं उलट उशीर झाला! ऐकलं? आता हिची ड्युटी, माझे गुडघे. आम्ही दोघी एका जागी बसून हे भांडण नीट भांडलोच नाही कधी. मधे ऐकणारी कोणी तरी लागते, दोघींले थांबवणारी. दिवाळीनंतर तिले आठ दिवसांची सुट्टी आहे. तू तेव्हा ये. लवकर सांग, म्हणजे मी तिलेही इथेच बोलावते. ये गं बाई, लवकर ये.